इतर हक्क

समडोळीच्या साडेतीन एकरांवर
माझं नाव अजून आहे.
मालकाच्या रकान्यात नाही, बाजूच्या,
बारीक अक्षरांत, सोसायटीच्या पीककर्जाखाली :
'पोटगीचा बोजा. पद्मीनी भूपाल मगदूम.'
म-ला पहिली वेलांटी हवी, तिथं दुसरी.
आणि भूपाल मगदूम तर मी
कोर्टाच्या पायरीवरच उतरवून ठेवलेला,
पण तलाठ्याला कोण सांगणार.

दरमहा बाराशे, तहहयात.
सन अठ्ठ्याण्णव, राजवाड्यातलं जुनं कोर्ट.
सव्वीस पानांच्या नकलेत
सगळ्यात लांबचा शब्द हाच.

मनिऑर्डर यायची अकराशे चाळीसची.
साठ रुपये कमिशन तो माझ्यातून कापायचा.
पोस्टमन जमादार मान खाली घालून नोटा मोजायचा,
जणू त्यानंच खाल्लेत.
साठ रुपयांसाठी मी अर्ज केला.
भूपालनं म्हणणं दिलं,
मी त्याच्या म्हणण्यावर म्हणणं दिलं.
संसारात एवढं म्हणणं
कुणी कुणाचं ऐकलं नव्हतं.
वकिलानं साठाचे साडेचार हजार घेतले.
जिंकले मी.
पुढच्या महिन्यात पुरते बाराशे आले,
अकरा दिवस उशिरा.

मग वाढीचा अर्ज.
साहेबांनी विचारलं, परिस्थितीत काय फरक पडला, बाई?
मी सांगितलं, सिलिंडर.
त्यानं सांगितलं, बायपास,
आणि शर्टाची वरची दोन बटणं काढून
व्रण दाखवला.
मीही बघितला,
परक्या माणसाचा बघावा तसा, जरा जास्त वेळ.
पंचवीसशे ठरले. तो वरच्या कोर्टात गेला.
सात वर्षं.
तेवढ्यात कोर्टच विजयनगरला गेलं,
आणि दोघांनाही रिक्षा परवडेना.

मार्गशीर्षात भूपाल गेला.
माघात त्याचा मुलगा आला, दुसरीचा, सन्मती.
हेल्मेट मांडीवर धरून बसला.
"काकू, जमिनीचा सौदा ठरलाय.
बोजा उतरवायला तेवढी तुमची सही लागते.
तसं तहहयात म्हणजे बाबांच्या हयातीपर्यंतच की.
वकील म्हणाले."

कुणाच्या, ते कागदात नाही.
तेव्हा कुणाला विचारायचं सुचलं नाही.
सदतिसाव्या वर्षी
दोघंही मरणाऱ्यातले वाटत नव्हतो.

"मी आहे की हयात," मी म्हटलं.
"दाखला आणू?"

त्यानं पिशवीतून डायऱ्या काढल्या,
हळदीच्या अडत्यानं दिवाळीला फुकट दिलेल्या, पंचवीस.
काही थकलेलं नाही, याचा पुरावा.
दर महिन्याला एक ओळ : 'प.', आकडा, बरोबरची खूण.
माझ्या नावाचं एवढंच अक्षर
त्यानं सांभाळलं होतं, टिंबासकट.

ऑगस्ट एकोणीसचं पान फुगलेलं.
आकडा नाही, खूण नाही.
'बँक पाण्यात. प. कडे पाणी किती? चौकशी करणे.'

कुणी केली नव्हती चौकशी.
शिंत्र्यांच्या गच्चीवर मी सहा दिवस होते,
बिस्किटं आणि डब्यातल्या शेंगदाण्याच्या कुटावर.
तो महिना मी थकबाकीत धरला,
व्याज लावलं,
त्यावर एक तारीखही झाली.
त्या तारखेला तो समोरच्या बाकावर होता.
काही बोलला नाही.

सन्मतीनं पान उलटायला बोट जिभेला लावलं.
तेच बोट, तसंच वाकडं.
"राहू दे ते पान," मी म्हटलं,
आणि पाणी किती होतं ते त्याला सांगितलं :
उंबऱ्यावर कमरेएवढं,
शिवणयंत्राच्या चाकावर चार बोटं,
नकलेची शेवटची तीन पानं गेली, निकाल वाचला.
पोरगा ऐकत होता.
डायरीत लिहून घेईल की काय असं वाटलं.

मग म्हटलं, सहीचं नंतर बघू.
आधी तलाठ्याकडं जाऊन
माझी वेलांटी नीट करून आण.
आणि येताना
ऑगस्टचे पंचवीसशे.